‘कँथारिस’ : एका कीटकनामाचा इतिहास आणि शिपाई-भुंगेऱ्यांचे वर्गीकरण

१

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने कीटकशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकावे, याचे थोडेसे समर्थन प्रारंभीच करणे अवश्य आहे. काही वर्षांपूर्वी जीवशास्त्रीय परिभाषेची टाचणे तयार करीत असता प्रस्तुत लेखकाच्या हातून एक चूक घडली. डेव्हिड शार्प यांनी केंब्रिजच्या प्राणिशास्त्रविषयक ग्रंथमालेसाठी लिहिलेल्या कीटकांवरील दुसऱ्या खंडात (१८९९) ‘कँथारिडी’ या कुलनामाखाली अंगावर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांचे वर्णन आढळले. त्यावरून टाचणावर ‘कँथारिडी : हिंग्यांचे कुल’ अशी नोंद केली. बाजरीच्या कणसांवर येणारे हिंगे आपल्या शेतकऱ्यास चांगले परिचित आहेत. त्यांच्या अंगातील द्रव कातडीस लागला की फोड येतो, हेही तो जाणतो. तेव्हा नोंद निर्दोष आहे असेच वाटले. पुढे ती तपासणाऱ्या प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मात्र ती खोडली आणि बाजूस लिहिले, ‘हे कुल हिंग्यांचे नव्हे, शिपाई-भुंगेऱ्यांचे. त्यांच्यामुळे फोड येत नाहीत.’

अधिक शोध घेता असे आढळले की, शार्प यांच्या ग्रंथातही चूक नव्हती आणि सहकाऱ्याची दुरुस्तीही यथार्थ होती. चूक होती ती नोंद करणाऱ्याची. एकच नाम दोन काळांत दोन भिन्न प्राण्यांचे वाचक असू शकते, ही भाषेच्या अभ्यासकास नित्य परिचयाची गोष्ट शास्त्रीय नामाच्या बाबतीत त्याने विसरावी, हे खेदाचे होय. शास्त्रीय नाम म्हणजे कायमचे ठोकून बसविलेले लेबल, अशी आपली समजूत असते. ‘कँथारिस’ या नामाचा इतिहास या समजुतीस छेद देणारा असून, शिपाई-भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास त्याच्याशी निगडित आहे. हे दोन्ही इतिहास एकत्र पाहण्याचा आणि त्यांतून परिभाषेच्या अभ्यासकाने काय घ्यावे हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम ज्या कीटकाविषयी बोलावयाचे त्याची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. ‘शिपाई-भुंगेरा’ हा शब्द इंग्रजी लोकनामाचे सरळ भाषांतर असून तो या लेखापुरता योजिला आहे. हा कीटक लांबट व चपटा असतो. त्याच्या शरीराच्या दोन्ही बाजू जवळजवळ समांतर असतात. इतर भुंगेऱ्यांचे पुढचे पंख कठीण कवचासारखे असतात; याचे मात्र मऊ व लवचीक असतात. पुष्कळ जातींमध्ये तांबडा, पिवळसर व काळा हे रंग प्रामुख्याने आढळतात. तांबड्या रंगावरून ब्रिटिश फौजेच्या तांबड्या डगल्याची आठवण होऊन इंग्लंडातील लोकांनी यास ‘सोल्जर’ म्हणजे शिपाई म्हटले; आणि निळसर-काळ्या पंखांच्या जातींना त्याच न्यायाने ‘सेलर’, म्हणजे खलाशी, हे नाव मिळाले. जर्मन भाषेत यांना ‘मऊ भुंगेरे’ या अर्थाचे नाव आहे. अमेरिकेत ‘चामडपंखी’ या अर्थाचे नाव रूढ आहे. इंग्रजाने रंग पाहिला, जर्मनाने व अमेरिकनाने स्पर्श पाहिला. फ्रेंच लोकनाम ‘टेलेफोर’ असे आहे. त्याची कथा या सर्वांहून निराळी असून ती पुढे येईल.

पूर्ण वाढलेले शिपाई-भुंगेरे बहुधा फुलांवर आढळतात. पराग व मकरंद यांबरोबरच मावा व इतर मऊ अंगाचे लहान कीटकही ते खातात. त्यांच्या अळ्यांच्या अंगावर मखमलीसारखी बारीक लव असते. त्या जमिनीत व पालापाचोळ्यात राहतात आणि बहुतेक जातींत शिकारी वृत्तीच्या असतात. युरोपात हिवाळ्यातील ऊबदार दिवशी या अळ्या कधी कधी बर्फाच्या पृष्ठभागावर येतात. त्यामुळे त्यांना ‘बर्फातील किडे’ असे म्हणत. आजमितीस या कुलाच्या सुमारे ५,००० जाती वर्णिलेल्या असून हिमालयाच्या परिसरातही त्यांची संख्या मोठी आहे. तेथील व आशियातील इतर प्रदेशांतील जातींचे वर्णन करण्यात स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संग्रहालयाशी संबंधित असलेल्या वॉल्टर विटमर यांचा वाटा फार मोठा आहे.

या निरुपद्रवी कीटकांना ‘कँथारिडी’ हे कुलनाम कसे मिळाले, हा आपला प्रश्न आहे. कारण मूळ ग्रीक भाषेत हा शब्द त्यांचा नव्हता.

३

ग्रीक भाषेत ‘कान्थारोस’ म्हणजे भुंगेरा, विशेषतः शेणातील भुंगेरा. इ. स. पू. ४२१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या अॅरिस्टोफेनिसच्या ‘शांती’ या नाटकात नायक ज्या अवाढव्य भुंगेऱ्यावर आरूढ होऊन देवांकडे जातो तो हाच. या शब्दापासून साधलेला ‘कान्थारिस’ हा दुसरा शब्द मात्र वैद्यकात विशेष अर्थाने वापरला जाई. हिप्पोक्राटीसच्या परंपरेतील ग्रंथांत तो औषध म्हणून येतो. वाळवून पूड केलेल्या या कीटकांचा लेप लावला असता फोड येतात आणि पोटात घेतले असता ते विषासमान ठरतात, हे प्राचीनांना माहीत होते. इ. स. ७९ मध्ये मृत्यू पावलेल्या प्लिनीने आपल्या ‘निसर्गेतिहासा’च्या २९ व्या भागात, नीरो बादशहाच्या स्नेहातील एक रोमन सरदार हे औषध पोटात घेतल्याने दगावल्याची हकीकत नोंदविली आहे.

ज्यांच्या पंखांवर पिवळे आडवे पट्टे असतात ते कान्थारिस सर्वांत गुणकारी, असे प्लिनी व त्याचा समकालीन डायोस्कोरिडीस हे दोघेही सांगतात. पुढील काळात युरोपीय औषधविक्रेत्यांच्या दुकानी ‘स्पॅनिश माशी’ म्हणून प्रसिद्धीस आलेला कीटक सबंध हिरवा व चकचकीत असतो. त्यास पट्टे नसतात. पट्ट्यांचे वर्णन जुळते ते ‘मायलाब्रिस’ व त्याच्या निकटच्या वंशांतील कीटकांशी, म्हणजे काळ्या पंखांवर पिवळे वा तांबूस पट्टे मिरविणाऱ्या आपल्याकडील हिंग्यांच्या सगोत्रांशी. तात्पर्य, ग्रीक वैद्याचा कान्थारिस युरोपातील हिरव्या माशीपेक्षा आपल्या शेतातील पट्टेदार हिंग्यास अधिक जवळचा होता.

अॅरिस्टॉटलने या सर्व भुंगेऱ्यांना मिळून ‘म्यानात पंख असलेले’ अशा अर्थाचा ‘कोलेओप्टेरा’ हा शब्द वापरला होता. तो आजही गणाचे नाव म्हणून टिकून आहे. आपण त्यास कवचपंखी म्हणू. या एका नामाच्या बाबतीत शब्दाचा अर्थ आणि वस्तू यांची सांगड सुमारे तेवीस शतके तुटलेली नाही. ‘कँथारिस’च्या वाट्यास असे भाग्य आले नाही.

४

इ. स. १७५८ मध्ये लिनीअसच्या ‘सिस्टेमा नातुरे’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. प्रत्येक प्राण्यास वंशनाम व जातिनाम असे दोन पदांचे नाव देण्याची पद्धत तीत सर्व प्राणिसृष्टीला लावण्यात आली. त्यामुळे प्राण्यांच्या नामकरणाचा कायदेशीर आरंभ याच आवृत्तीपासून धरतात. या आवृत्तीत लिनीअसने फोड आणणाऱ्या हिरव्या माशीला ‘मेलोए’ या वंशात घालून तिचे नाव ‘मेलोए व्हेसिकॅटोरिअस’ असे ठेवले. ‘व्हेसिकॅटोरिअस’ म्हणजे फोड आणणारा. गुण जातिनामात आला. परंतु ज्या नावाने तो गुण दोन हजार वर्षे ओळखला गेला होता ते ‘कँथारिस’ हे नाव मात्र लिनीअसने एका भलत्याच वंशाला दिले.

त्याच्या ‘कँथारिस’ वंशात लवचीक पंखांचे पुष्कळ कीटक एकत्र आले होते. आजचा ‘कँथारिस फुस्का’ त्यात होता, आणि तोच आज या वंशाची प्ररूप-जाती मानला जातो. काजव्यालाही तेथेच ‘कँथारिस नॉक्टिलुका’ म्हणून स्थान मिळाले होते. आज ‘मॅलॅकिअस’ वंशात गणला जाणारा हिरवट झळाळीचा कीटकही ‘कँथारिस एनिआ’ या नावाने तेथेच होता. म्हणजे आजच्या दृष्टीने किमान तीन कुलांची ही सरमिसळ होती. शृंगिका, वक्ष व पंख यांची बाह्य ठेवण पाहून केलेल्या या व्यवस्थेत ते स्वाभाविकच होते. आश्चर्य वाटते ते वंशाच्या रचनेचे नव्हे, तर नावाच्या निवडीचे. ग्रीक व लॅटिन ग्रंथांतील जुनी नावे घेऊन ती आपल्या सोयीने नव्या वंशांवर बसविण्याची मुभा लिनीअसने स्वतःस दिली होती. त्याच्या दृष्टीने जुने नाव म्हणजे उपयोगात आणावयाची सामग्री. त्या नावाचा जुना धनी कोण, ही चिंता त्याला नव्हती.

५

अवघ्या चार वर्षांत, १७६२ साली, या व्यवस्थेला पॅरिसमधून आव्हान मिळाले. एत्येन लुई जोफ्रुआ याने पॅरिसच्या परिसरातील कीटकांचा संक्षिप्त इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला. जोफ्रुआ व्यवसायाने वैद्य होता. वैद्याच्या दृष्टीने कँथारिस म्हणजे काय याविषयी शंकेला जागाच नव्हती. त्याने ‘कँथारिस’ हे नाव फोड आणणाऱ्या माशीला परत दिले आणि काजव्यांसाठी ‘लॅम्पिरिस’ हा निराळा वंश केला. शिपाई-भुंगेऱ्यांना त्याने ‘सिसिन्डेला’ म्हटले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ काजवा असा असून, लिनीअसने तो आधीच एका तिसऱ्याच, चपळ व शिकारी भुंगेऱ्याला देऊन टाकला होता! जुन्या शब्दांच्या पुनर्वापराने केवढा गोंधळ माजू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

जोफ्रुआची खरी कामगिरी मात्र नावांत नाही. कीटकाच्या पायाचे शेवटचे अंग, ज्यास गुल्फ म्हणतात, ते लहान लहान खंडांचे बनलेले असते. हे खंड मोजून भुंगेऱ्यांची विभागणी करण्याची कल्पना प्रथम जोफ्रुआने व्यवहारात आणली. शिपाई-भुंगेऱ्याच्या पुढच्या, मधल्या व मागच्या पायांवर प्रत्येकी पाच खंड असतात. हिंगे व स्पॅनिश माशी यांच्या पुढच्या दोन जोड्यांवर पाच-पाच, परंतु मागच्या जोडीवर चारच असतात. ५-५-५ आणि ५-५-४ हा भेद भिंगाखाली कोणालाही पडताळून पाहता येतो. नावाच्या वादात जोफ्रुआ पुढे पराभूत झाला. पण ज्या दोन प्राण्यांविषयी हा वाद होता त्यांना वेगळे करणारे लक्षण त्याच्याच पद्धतीने हाती दिले. या दोन गोष्टींची गफलत होऊ नये, म्हणून त्या येथे शेजारी शेजारी मांडल्या आहेत. प्राणी भिन्न आहेत की नाहीत, हा वर्गीकरणाचा प्रश्न असून त्याचे उत्तर निरीक्षणाने मिळते. त्यांपैकी कोणास कोणते नाव द्यावे, हा नामकरणाचा प्रश्न असून त्याचे उत्तर संकेताने मिळते.

६

जोफ्रुआचे अनुकरण करावयाचे तर शिपाई-भुंगेऱ्यांना नवे नाव हवे होते. ते १७६६ साली रेगेन्सबर्ग येथील याकोप क्रिस्टिआन शेफर याने ‘टेलेफोरस’ या रूपाने पुरविले. ‘दूर’ व ‘वाहणे’ या अर्थांच्या दोन ग्रीक पदांपासून ते साधले आहे. स्वीडनच्या द गीर याने १७७४ साली ते स्वीकारले आणि फ्रेंच लेखकांनी ते रूढ केले. फ्रेंचमधील ‘टेलेफोर’ हे लोकनाम येथून आले. शास्त्राने पुढे टाकून दिलेले वंशनाम लोकभाषेने जपून ठेवावे, असा हा दुर्मीळ प्रकार आहे. इकडे लिनीअसचा शिष्य फाब्रिशिअस याने गुरूचा अर्थ कायम ठेवला आणि फोड आणणाऱ्या माशीसाठी १७७५ साली ‘लिट्टा’ हा नवा वंश स्थापिला.

याप्रमाणे एकोणिसाव्या शतकात दोन समांतर परंपरा चालू राहिल्या. एका परंपरेत कँथारिस म्हणजे शिपाई-भुंगेरा व लिट्टा म्हणजे फोड आणणारी माशी. दुसऱ्या परंपरेत कँथारिस म्हणजे फोड आणणारी माशी व टेलेफोरस म्हणजे शिपाई-भुंगेरा. शार्प यांचा १८९९ चा ग्रंथ दुसऱ्या परंपरेतील होता. त्यात हिंग्यांचे कुल ‘कँथारिडी’ या नावाखाली, तर टेलेफोरस हा वंश ‘मृदुत्वच’ भुंगेऱ्यांच्या मोठ्या कुलात दिलेला आहे. प्रस्तुत लेखकाच्या टाचणातील चुकीचे मूळ येथे होते.

दुसऱ्या परंपरेला रसायनशास्त्राचेही पाठबळ मिळाले. १८१० साली पिएर रोबिके याने स्पॅनिश माशीतून फोड आणणारे द्रव्य वेगळे केले. त्यास पुढे मिळालेले ‘कँथारिडिन’ हे नाव औषधाच्या जुन्या नावावरून आलेले आहे. आता परिस्थिती अशी आहे की, कँथारिडिन हे द्रव्य कँथारिडी कुलातील शिपाई-भुंगेरे निर्माण करीत नाहीत. ते निर्माण करणारे हिंगे व स्पॅनिश माशी आज ‘मेलोइडी’ या कुलात आहेत. शिपाई-भुंगेऱ्यांचे संरक्षण निराळ्या द्रव्यांनी होते. १९६८ साली माइनवाल्ड, आइसनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉलिओग्नॅथस’ या अमेरिकन वंशातील एका जातीच्या ग्रंथींतून डायहायड्रोमॅट्रिकॅरिया नावाचे आम्ल मिळविले. त्याचा कँथारिडिनशी काही संबंध नाही. होमिओपॅथीच्या दुकानात आजही ‘कँथारिस’ या नावाची बाटली मिळते. तिच्यातील औषध स्पॅनिश माशीपासून केलेले असते. प्राणिशास्त्रज्ञाचा कँथारिस त्या बाटलीत नसतो. औषधविक्रेत्याने ग्रीक अर्थ राखला आहे, प्राणिशास्त्रज्ञाने लिनीअसचा. दोघेही आपापल्या संकेतानुसार बरोबर आहेत.

७

या वादाचा निर्णय कसा लागला? शब्दाच्या मूळ अर्थाचा विचार केला तर जोफ्रुआचा पक्ष सबळ होता, असे कोणीही भाषाशास्त्रज्ञ म्हणेल. परंतु प्राण्यांच्या नामकरणाचे नियम अर्थ पाहत नाहीत, अग्रक्रम पाहतात. १७५८ व त्यानंतरच्या प्रकाशनांत ज्या अर्थाने नाव प्रथम विधिपूर्वक आले, त्या अर्थानेच ते वापरावयाचे. १७५८ पूर्वीची दोन हजार वर्षे या कायद्याला अस्तित्वात नाहीत. त्यामुळे लिनीअसचा कँथारिस ग्राह्य ठरला. ‘टेलेफोरस’ हे त्याचे समानार्थी व म्हणून त्याज्य नाव झाले. जोफ्रुआचा ग्रंथ तर, त्यात द्विपद पद्धती सुसंगतपणे पाळलेली नसल्यामुळे, आंतरराष्ट्रीय आयोगाने १९५४ साली नामकरणाच्या दृष्टीने अग्राह्य ठरविला. त्यातील काही वंशनामे मात्र पुढे १९९४ साली ग्राह्य धरण्यात आली.

कुलनामाचा निर्णय याहून गुंतागुंतीचा आहे. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ लीच याने १८१५ साली टेलेफोरस वंशावरून ‘टेलेफोरिडी’ हे कुलनाम केले होते. बाझल येथील इम्हॉफ याने १८५६ साली ‘कँथारिडी’ हे नाव दिले. केवळ अग्रक्रम पाहिला तर लीचचे नाव जिंकावयास हवे. परंतु नियमसंहितेत अशी तरतूद आहे की, ज्या वंशावरून कुलनाम साधले तो वंश समानार्थी ठरल्यामुळे १९६१ पूर्वी कुलनाम बदलले गेले असेल, आणि बदललेले नाव सर्वत्र रूढ झाले असेल, तर तेच नाव राखावे व त्यास जुन्या नावाचा अग्रक्रम द्यावा. म्हणून आज या कुलाचे नाव लिहिताना ‘कँथारिडी, इम्हॉफ, १८५६ (१८१५)’ असे लिहितात. कंसातील वर्ष हे पराभूत नावाचे आहे. सगळा वाद त्या एका कंसात साठविलेला आहे. पण इतिहास ठाऊक नसलेल्या वाचकास तो मुद्रणदोष वाटण्याचा संभव आहे.

व्याकरणदृष्ट्याही हे कुलनाम विचार करण्याजोगे आहे. ‘कान्थारिस’ या ग्रीक शब्दाचे षष्ठीचे रूप ‘कान्थारिदोस’ असे होते. म्हणजे प्रातिपदिक ‘कान्थारिद्’. त्यास कुलवाचक प्रत्यय लावला तर ‘कँथारिडिडी’ असे रूप व्हावे. नियमसंहितेने अशा ठिकाणी ‘इद्’ या अंशाचा लोप करण्यास मुभा दिली आहे आणि प्रचार लोप झालेल्या रूपाचाच आहे. शुद्धलेखनाच्या बाबतीतही हाच कल दिसतो. अमेरिकेतील एका प्रसिद्ध जातीला द गीर याने १७७४ साली पेन्सिल्व्हेनिया प्रांतावरून नाव दिले. परंतु प्रांताच्या नावात आरंभी जोड ‘न’ असताना त्याने जातिनामात एकच ‘न’ लिहिला. तो एकेरी ‘न’ आजही राखावा लागतो. जोड ‘न’ लिहिणारे अनेक असले तरी मूळ लेखन तेच शुद्ध मानले जाते.

आपल्याकडील मीमांसकांनी शब्दार्थाच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत : योग, म्हणजे अवयवांवरून निघणारा अर्थ, आणि रूढी, म्हणजे प्रचाराने ठरलेला अर्थ. या दोहोंत विरोध आला तर रूढी बलवत्तर, असा त्यांचा निर्णय आहे. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता त्याच निर्णयाप्रत आली आहे. भेद इतकाच की, तिने रूढीचा आरंभ एका निश्चित वर्षापासून धरला. भाषेतील रूढी कोणी ठरवून घालीत नाही. येथे ती विधिनियमाने घातली गेली आहे.

८

नाव याप्रमाणे स्थिरावले. वर्गीकरण मात्र स्थिरावलेले नाही, आणि तसे ते स्थिरावावे अशी अपेक्षाही नाही. एकोणिसाव्या शतकात मऊ अंगाच्या भुंगेऱ्यांचा एक मोठा समूह मानीत. त्यात शिपाई-भुंगेरे, काजवे व मॅलॅकिअससारखे कीटक येत. १९५५ साली रॉय क्राउसन यांनी भुंगेऱ्यांच्या कुलांची नैसर्गिक व्यवस्था मांडली. तीत मॅलॅकिअसचे आप्त निराळ्या अधिकुलात गेले आणि शिपाई-भुंगेरे, काजवे इत्यादी कुले ‘कँथारॉइडिया’ या अधिकुलात राहिली. १९८८ साली ऑस्ट्रेलियातील जॉन लॉरेन्स यांनी हे अधिकुलही वेगळे न ठेवता, उलटे पडल्यास टणकन उडी मारणाऱ्या कठीण अंगाच्या भुंगेऱ्यांच्या ‘एलाटेरॉइडिया’ या अधिकुलात विलीन केले. २००७ साली बोचाकोव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकद्रव्याच्या तुलनेवरून दाखविले की, मऊ अंगाची ही कुले मिळून एका पूर्वजाची संतती ठरत नाही. मऊपणा या शाखेत एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवला आहे. हिंग्यांचे मेलोइडी कुल तर यांपासून फार दूरच्या अधिकुलात, धान्यातील काळसर भुंगेऱ्यांच्या आप्तांत बसते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास यातील तत्त्व अपरिचित नाही. फार्सी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ हे शब्द रूपाने व अर्थाने इतके जवळ आहेत की ते एकाच मुळाचे असावेत असे वाटते. परंतु त्यांचा परस्परांशी व्युत्पत्तीचा संबंध नाही. साम्य हा सगोत्रतेचा पुरावा नव्हे. साम्याचे कारण समान वारसा, उसनवारी वा केवळ योगायोग यांपैकी काय आहे, हे इतर लक्षणांच्या आधारे ठरवावे लागते. मऊ पंख हे जुन्या वर्गीकरणाचे ‘बद’ आणि ‘बॅड’ होते.

कुलाच्या अंतर्गत रचनेतही असाच बदल झाला. १९८० साली मिशेल ब्रांकुची यांनी या कुलाच्या तुलनात्मक शरीररचनेचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. कँथारिनी, सिलिनी, माल्थिनिनी, डिस्मॉर्फोसेरिनी व कॉलिओग्नॅथिनी अशी पाच उपकुले मानण्याची आजची पद्धत त्याच परंपरेतील आहे. वंशांच्या सीमाही हलल्या. १७६३ साली स्कोपोली याने वर्णिलेली तांबूस जाती आज ‘रॅगोनिका’ म्हणजे ‘चिरलेल्या नखांचा’ या वंशात आहे. जाती मूळ वंशातून दुसऱ्या वंशात गेली की प्रथम वर्णन करणाऱ्याचे नाव व वर्ष कंसात लिहितात. म्हणून ‘कँथारिस फुस्का लिनीअस, १७५८’ असे कंसाविना, परंतु ‘रॅगोनिका फुल्व्हा (स्कोपोली, १७६३)’ असे कंसासह लिहावे लागते. नाव टिकते, स्थान बदलते, आणि बदल झाल्याची खूण नावातच राहते. संहितेच्या पाठभेदांची नोंद ठेवणाऱ्या संपादकास ही शिस्त आपलीशी वाटेल.

९

या इतिहासावरून आपल्या परिभाषेच्या कार्यासाठी काही निष्कर्ष काढता येतील.

पहिला असा की, शास्त्रीय नामाचे भाषांतर त्याच्या व्युत्पत्तीवरून करू नये. ‘कँथारिडी’चा ग्रीक अर्थ पाहून मराठी नाव घडविले तर ते हिंग्यांचे नाव होईल, आणि मेलोइडी कुलासाठी शब्द उरणार नाही. ‘हिंगे’ हा शेतकऱ्याच्या तोंडचा जिवंत शब्द मेलोइडीसाठी राखावा. कँथारिडीसाठी ‘शिपाई-भुंगेरे’ किंवा याहून चांगला शब्द सुचल्यास तो घ्यावा. पण दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

दुसरा निष्कर्ष असा की, जुन्या ग्रंथातील नामाबरोबर त्या ग्रंथाचे वर्ष व परंपरा नोंदविल्याशिवाय टाचण पूर्ण झाले असे समजू नये. ‘कँथारिडी (शार्प, १८९९) : आजचे मेलोइडी’ एवढे लिहिले असते तर प्रस्तुत लेखकाची चूक टळली असती. ऐतिहासिक कोशात शब्दाच्या प्रत्येक अर्थापुढे काळ देण्याचा जो दंडक आपण पाळतो, तो शास्त्रीय नामांनाही लागू आहे.

ही केवळ कोशकाराची बारीक चिकित्सा नव्हे. हिंग्यांचे प्रौढ कीटक पिकाच्या फुलोऱ्याचा नाश करतात. त्यांच्यापैकी काहींच्या अळ्या टोळांची अंडी खातात ही गोष्ट खरी असली, तरी फुलोऱ्यावर असताना शेतकऱ्यास ते शत्रूच वाटणार. शिपाई-भुंगेरे व त्यांच्या अळ्या इतर कीटक खाऊन राहतात. एखाद्या मराठी पुस्तिकेत या दोन कुलांच्या नावांची अदलाबदल झाली, तर औषधाची फवारणी मित्रावर होईल, किंवा फोड आणणारा कीटक निरुपद्रवी समजून कोणी हातात धरील. टाचणावरच्या एका ओळीचा हिशेब अखेर शेतात चुकता होतो.

सहकाऱ्याने खोडलेले ते टाचण प्रस्तुत लेखकाने फेकून दिलेले नाही. मूळ नोंद, तिच्यावरील रेघ आणि बाजूची दुरुस्ती तशीच ठेवून खाली तीन वर्षे लिहिली आहेत : १७५८, १७६२ आणि १८९९. आता ती नोंद बरोबर आहे.